दाढ ठेवू की काढू? तुमचे प्रश्न, डेंटिस्टची उत्तरं

या महिन्यात दातांवर इतकी पत्रं आली की सगळी छापायला अंक पुरणार नाही, पण वाचत गेलं की बरीचशी एकाच जागी येऊन थांबतात: कीड आत गेलीय, पू झालाय, आता दाढ वाचवायची की उपटून मोकळं व्हायचं? म्हणून यावेळी फक्त तेच घेतलंय. दात पांढरे करायचे आणि तारा लावायचे प्रश्न पुढच्या अंकात, तोवर दम धरा.

प्रश्न: डॉक्टर नमस्कार. मी बार्शीची, वय ४४, शाळेत शिकवते. खालच्या उजव्या दाढेत खूप वर्षांपूर्वी चांदी भरली होती. मागच्या दिवाळीत गार पाणी लागलं की मस्तकात कळ जायची, रात्र रात्र झोप नाही, मग एक दिवस सगळं आपोआप थांबलं आणि मला वाटलं सुटले. आता त्या दाढेखाली हिरडीवर तांदळाच्या दाण्याएवढा फोड येतो, दाबला की खारट पाणी येतं, दोन दिवसांनी परत भरतो. दुखत अजिबात नाही. एका डॉक्टरांनी एक्सरे बघून सांगितलं, मुळाशी मोठा काळा डाग आहे, इन्फेक्शन हाडात उतरलंय, काढा आणि इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर नवा दात, करा. दुसऱ्या मॅडम म्हणतात आरसीटी, म्हणजे रूट कॅनाल, करून कॅप बसवू. त्याचे अकरा हजार सांगितलेत, नुसती काढायचे नऊशे. आमचे मिस्टर म्हणतात बत्तीस आहेत, एक गेली तर काय अडलं. मी काय करू?

उत्तर: ताई, दुखायचं थांबलं ते दाढ बरी झाली म्हणून नाही, आतली नस मेली म्हणून. चांदीच्या कडेने कीड आत शिरली, नसेपर्यंत पोचली, नस सुजली, आणि दाताच्या आत सुजायला जागाच नसते, चहूबाजूंनी कडक भिंती, म्हणून तो रात्रीचा ठणका. नस मेल्यावर ठणका गेला पण जंतू राहिले, ते मुळाच्या टोकाच्या बारीक भोकातून हाडात उतरले, तिथे पू झाला आणि तो वाट काढत हिरडीवर आला. तोच तुमचा फोड. पूला बाहेर पडायला वाट आहे तोवर दुखणार नाही, ती वाट बुजली की एका रात्रीत गालफड सुजेल, तेव्हा "दुखत नाही ना, मग उन्हाळ्याच्या सुट्टीत बघू" असं करू नका.

आता तो काळा डाग. लोक, आणि खरं सांगायचं तर काही डॉक्टरसुद्धा, डागाच्या आकारावरून दाढेचा निकाल लावतात आणि मला त्याचा जरा रागच येतो. डाग म्हणजे तेवढ्या भागातलं हाड विरघळलंय. पण जंतूंचा खरा मुक्काम हाडात नसतो, तो असतो दाताच्या आत, कॅनालमध्ये, म्हणजे मुळातल्या नसेच्या बारीक नळीत. तिथलं घर साफ करून दार नीट बंद केलं की शरीर ते हाड स्वतःच भरून काढतं, सहा महिन्यांनी एक्सरेत फरक दिसायला लागतो, मोठा डाग पूर्ण भरायला कधीकधी दोन-चार वर्षंही लागतात. त्यामुळे "इन्फेक्शन मोठं आहे" एवढ्यावर दाढ काढायला मी तरी तयार होणार नाही. दाढ वाचणार की नाही हे ठरतं दाढ शिल्लक किती आहे आणि ती अखंड आहे का त्यावर.

शिल्लक म्हणजे असं, की सगळी कीड आणि जुनी चांदी खरवडून काढल्यावर हिरडीच्या वर चारी बाजूंनी निदान दीड-दोन मिलिमीटर निरोगी दात उभा राहिला पाहिजे. कॅपची खरी पकड त्या पट्टीवर असते, आत भरलेल्या सिमेंटवर नाही. पट्टी नसेल तर आरसीटी कितीही सुंदर झाली तरी कॅप सुटते नाहीतर मूळ फुटतं, मग पैसेही गेले आणि दाढही गेली. कधी हिरडी आणि थोडं हाड कमी करून ही पट्टी मिळवता येते, पण ते प्रत्येक दाढेला जमत नाही.

अखंड म्हणजे तडा नाही. जुनी मोठी चांदी असलेल्या दाढांमध्ये तडे बरेच सापडतात. हे कसं बघतात तर डॉक्टर खुणा असलेली एक बारीक काडी हिरडी आणि दाताच्या मधून सरकवत दाढेभोवती फिरवतात. निरोगी असेल तर ती सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर जाऊन थांबते. एकाच जागी ती अचानक आठ-नऊ मिलिमीटर खाली गेली आणि तिथून जरा बाजूला सरकवली की परत तीन, तर मूळ उभं चिरलंय असा संशय घ्यायचा. कधीकधी पूच त्या वाटेने बाहेर येत असतो, म्हणून खात्री होते ती दाढ उघडून आत मोठं करून बघितल्यावरच. मूळ उभं चिरलेलं निघालं तर चर्चा संपली, काढायची. तिसरी गोष्ट, दाढ हलते का. थोडी हलत असेल तर काही नाही, आतल्या सुजेनेही हलते, पण आजूबाजूचं हाड पायरियाने खाऊन दाढ वरखाली व्हायला लागली असेल तर तिथे आरसीटी म्हणजे पैसे पाण्यात.

तुमच्या फोडाचा आणखी एक उपयोग आहे. त्याच्या तोंडातून गटापर्चाची, म्हणजे कॅनालमध्ये भरतात त्या रबरासारख्या पदार्थाची, बारीक काडी आत सरकवतात आणि तशीच ठेवून एक्सरे काढतात. दुखत नाही फारसं. काडीचं टोक ज्या मुळाशी जाऊन टेकतं ते मूळ दोषी. फोड एका दाढेसमोर आणि गडबड शेजारच्या दाढेत असंही निघतं, आणि चुकीची दाढ काढली गेली तर ती परत बसत नाही. तुमच्या दोन्ही डॉक्टरांपैकी कुणी हे केलं का ते पत्रात नाही, विचारा.

पैशांचं बोलू. अकरा हजार आणि नऊशे ही तुलनाच चुकीची आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून ही खालची पहिली मोठी दाढ वाटतेय, चावण्याचं सगळ्यात जास्त काम तिच्याकडे. ती काढून जागा मोकळी ठेवली तर मागची दाढ पुढे कलंडते, वरची खाली उतरायला लागते, मध्ये घास अडकतो आणि काही वर्षांनी त्या दोघींचे प्रश्न घेऊन तुम्ही परत दवाखान्यात. मग नऊशेत जोडा ब्रिजचे, म्हणजे शेजारचे दोन चांगले दात तासून तीन कॅप, किंवा इम्प्लांटचे, जे बहुतेक ठिकाणी आरसीटी-कॅपच्या बरंच वर जातात. शिवाय दाढ काढल्यावर तिथलं हाड आक्रसतं, पहिल्या वर्षभरात रुंदी साधारण निम्मी होते आणि त्यातलाही मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांत, म्हणजे "आत्ता काढू, इम्प्लांटचं नंतर बघू" म्हटलं की नंतर कदाचित हाड भरायचाही खर्च.

टिकते का, हा प्रश्न सगळे विचारतात. अमेरिकेत इन्शुरन्सच्या नोंदींवरून चौदा लाखांहून जास्त आरसीटी केलेल्या दातांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात आठ वर्षांनंतर ९७ टक्के दात तोंडात जागेवर होते. आणि जे काढावे लागले त्यातल्या ८५ टक्के दातांवर पूर्ण कॅप नव्हती. हा दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे आरसीटी झाली, दुखायचं थांबलं की कॅप "पुढच्या महिन्यात" आणि तो पुढचा महिना उजाडतच नाही, मग एक दिवस शेंगदाणा चावताना दाढेचे दोन तुकडे. ताई, अकरा हजारांत कॅप आहे ना, ती घेऊनच थांबायचं.

माझं मत विचाराल तर मॅडमकडे जा. पण आधी तीन गोष्टी विचारून घ्या: कीड काढल्यावर भिंत किती उरेल, तडा बघितला का, आणि काम करताना रबर डॅम, म्हणजे दाताभोवतीचं ते रबरी कापड, लावणार का. ते असलं की लाळ आत जात नाही आणि आत धुवायचं औषध, जे ब्लीचच्या जातीचं असतं, ते घशात जात नाही. आणि हेही ठरवून ठेवा, की दाढ उघडल्यावर तडा निघाला तर तिथेच थांबायचं आणि त्या दिवसापुरतेच पैसे द्यायचे, हे आधी बोललेलं बरं असतं. अकरा हजार जड जात असतील तर सोलापूर किंवा लातूरच्या डेंटल कॉलेजात चौकशी करा, तिथे पीजी करणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली आरसीटी करतात, फी बरीच कमी, वेळ मात्र भरपूर जातो, डबा घेऊन जावं लागेल.

मिस्टरांना सांगा, त्यांचं म्हणणं अक्कलदाढेला लागू आहे. किंवा वरची जोडीदार आधीच गेलेली, एकटी मागे उभी असलेली शेवटची दाढ असती तर मीही काढा म्हटलं असतं. ही तशी नाही.

प्रश्न: वय २६, चाकणला कंपनीत आहे, शिफ्ट असते. वर्षात तीन वेळा गाल सुजला, प्रत्येक वेळी मेडिकलमधून अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स घेतला आणि सूज गेली. मग गोळ्यांनी जातंय तर दाढ काढायची किंवा आरसीटी करायची गरज आहे का?

उत्तर: जातंय कुठे, परत येतंय ना. मेलेल्या नसेत रक्त जात नाही आणि गोळीतलं औषध रक्तातूनच पोचतं, त्यामुळे ज्या जागी जंतू बसलेत तिथे गोळी कधी पोचतच नाही. ती फक्त आजूबाजूची सूज दाबते. प्रत्येक कोर्सनंतर जे जंतू उरतात ते त्या औषधाला सरावलेले असायची शक्यता वाढते, आणि एखाद्या दिवशी खरंच गरज पडेल तेव्हा ती गोळी चालणार नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये स्पष्टच सांगितलं, की दातावर लगेच उपचार करता येत असतील तर नुसत्या दातदुखीला किंवा हिरडीवरच्या मर्यादित सुजेला बहुतेक वेळा अँटिबायोटिकची गरज नसते. ताप आला, सूज पसरत चालली, अंग मोडून आलं, तेव्हा ती द्यायची, आणि तेव्हाही दाताच्या उपचारासोबत, उपचाराऐवजी नाही.

उपचार म्हणजे पूला बाहेर काढणं. दाढ वरून उघडून, हिरडीला छोटा छेद देऊन, किंवा दाढच काढून. शिफ्टचं गणित असेल तर पहिल्या दिवशी फक्त उघडून पू काढून आत औषध ठेवून घ्या, त्यानेच निम्मं काम होतं, पुढचं सुट्टीच्या दिवशी. बाहेरून गरम पिशवीने शेकू नका, त्याने सूज गालाकडे ओढली जाते. लवंग तेलाचा बोळा तात्पुरता ठीक आहे, त्यातलं युजेनॉल आम्हीही वापरतो, पण अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवायची नाही, हिरडी पांढरी पडून भाजते. मिश्री आणि तंबाखू दाबून धरल्याने बधिर वाटतं एवढंच, तो इलाज नाही.

आणि हे कापून पाकिटात ठेवा: खालची दाढ सुजून जिभेखाली आणि हनुवटीखाली कडक सूज आली, तोंड दोन बोटंही उघडेना, थुंकी गिळताना त्रास, आवाज बदलला, धाप लागते, यातलं काहीही झालं तर डेंटिस्टची अपॉइंटमेंट घेत बसायचं नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं, रात्री दोन वाजताही. या प्रकाराला लुडविग अंजायना म्हणतात, जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ मध्ये तो लिहून ठेवला, आणि त्यात श्वासनलिका दाबली जाऊन माणूस दगावू शकतो. तोपर्यंत गेलं की दाढ वाचवायचा विचार बाजूला, आधी श्वास.

प्रश्न: वरचा सुळा किडलाय, काढायला सांगितलाय. घरात सगळे म्हणतात वरचे दात काढले की नजर कमी होते. वय ५८, आधीच चष्मा आहे. खरं काय? – रत्नागिरीहून एक काका

उत्तर: काका, दाताची नस वेगळी, डोळ्याने दिसतं ती नस वेगळी, दोन्हींचा संबंध नाही. दात काढून नजर जात नाही. पन्नाशीनंतर दात काढायची वेळ आणि मोतीबिंदूची वेळ एकच येते म्हणून लोकांनी जोडी लावलीय. उलट वरच्या सुळ्याचं इन्फेक्शन तसंच ठेवलं तर सूज डोळ्याखाली चढते, सकाळी पापणी उघडत नाही, आणि क्वचित प्रकरण त्याहून गंभीर होतं. म्हणजे डोळ्याची काळजी असेल तर दात लवकर दाखवायचा. फक्त तो काढायलाच हवा का हे परत विचारा. सुळ्याचं मूळ सगळ्या दातांत लांब असतं, साधारणपणे एकच कॅनाल, आरसीटीला सोपा दात. हिरडीच्या वर नुसता ठुणका उरला असेल तरी कधीकधी मुळात पोस्ट, म्हणजे आधाराची बारीक दांडी, घालून वर कॅप बसते.

प्रश्न: आईचं वय ७१, डायबेटिस, हार्टमध्ये स्टेंट म्हणून क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन चालू, आणि हाडं ठिसूळ झाली म्हणून दरवर्षी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन. खालची दाढ दुखते, पू आहे. तिचं म्हणणं या वयात कशाला आरसीटी, काढून टाका. आमच्या डॉक्टरांनी पाच दिवस गोळ्या बंद करून या म्हणून सांगितलं. कोल्हापूर.

उत्तर: थांबा, आधी गोळ्यांचं. स्टेंट असलेल्या पेशंटने रक्त पातळ करायच्या गोळ्या हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायच्या नाहीत. एखादी दाढ काढल्यावर रक्त जरा जास्त वेळ येतं पण ते दाबून, टाका घालून थांबवता येतं. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ती दवाखान्यात कापसाच्या बोळ्याने थांबत नाही. त्या डॉक्टरांना नम्रपणे सांगा की कार्डिओलॉजिस्टची चिठ्ठी आणतो.

दुसरं, आणि हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण बहुतेक लोक सांगतच नाहीत: ते वर्षातून एकदाचं इंजेक्शन. गोळ्यांची यादी विचारली की बाकी सगळं सांगतात आणि हे राहतं, कारण ते "हाडांच्या डॉक्टरकडचं" असतं. ते औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं आणि हाडाची झीज थांबवताना त्याची डागडुजीही मंद करतं. अशा पेशंटची दाढ काढली तर क्वचित ती जागा भरतच नाही, जबड्याचं हाड उघडं पडून मरतं. हाडं ठिसूळ म्हणून हे औषध घेणाऱ्यांत हा धोका कमी आहे, कॅन्सरसाठी मोठ्या डोसमध्ये घेणाऱ्यांत बराच जास्त, पण धोका कमी म्हणजे शून्य नव्हे. ठिसूळ हाडांसाठीच सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब नावाचं इंजेक्शन असतं, त्यातही हा धोका आहे. आरसीटीत हाड उघडं पडत नाही. म्हणून तुमच्या आईच्या बाबतीत वय हे आरसीटी न करायचं कारण नाही, उलट तिची औषधं हे ती करायचं कारण आहे. दाढेवर कॅप बसण्यासारखी नसली तरी आरसीटी करून मुळं हिरडीच्या पातळीला कापून तशीच आत ठेवता येतात, हा पर्याय फार कमी लोकांना माहीत असतो. काढण्यावाचून गत्यंतरच नसेल तर ते काम ओरल सर्जनकडे, हाडांच्या डॉक्टरांशी बोलून.

तोंडाच्या कॅन्सरसाठी जबड्यावर रेडिएशन घेतलेल्यांनाही हेच सांगणं आहे, त्यांच्यात दाढ काढणं आणखी धोक्याचं, आणि आपल्याकडे तंबाखूमुळे असे पेशंट कमी नाहीत.

डायबेटिसचं म्हणाल तर पू साचलेला असला की त्यानेच शुगर चढते, मग "शुगर खाली आली की दाढ बघू" म्हणून महिनोन्‌महिने थांबणं उलटं पडतं. आईला सकाळची वेळ घ्या, नाश्ता आणि गोळी घेऊनच न्या, उपाशीपोटी खुर्चीत बसवू नका.

प्रश्न: मुलगा आठ वर्षांचा. खालची सगळ्यात मागची दाढ किडून खड्डा पडलाय, रात्री रडतो. आजी म्हणतात दुधाची आहे, पडेल, काढून टाका. नागपूर.

उत्तर: त्याला खिडकीजवळ उजेडात बसवा आणि समोरच्या मधल्या रेषेपासून मागे दात मोजा. दुधाचे दात एका बाजूला पाचच असतात. सहावा असेल तर तो दुधाचा नाही, ती आयुष्यभराची पक्की दाढ आहे. ती सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप येते, आधी कुठला दात पडत नाही म्हणून घरात कुणाला पत्ताही लागत नाही, आणि मग आठव्या-नवव्या वर्षी "दुधाची" म्हणून काढली जाते. "सगळ्यात मागची" असं लिहिलंयत म्हणून मला दाट शंका तिचीच आहे.

या वयात तिची मुळं अजून पूर्ण झालेली नसतात, टोकं उघडी असतात. मोठ्यांसारखी आरसीटी त्यात बसत नाही, पण नस जिवंत असेल तर वरचा खराब भाग काढून खास सिमेंट ठेवतात आणि खालची नस जिवंत राहून मूळ पूर्ण होतं. म्हणून रात्री रडतोय ना, या आठवड्यातच मुलांच्या डेंटिस्टना दाखवा, नस मेली की हा मार्ग अवघड होतो. तुमच्याकडे गव्हर्नमेंट डेंटल कॉलेज आहे, तिथे मुलांचा वेगळा विभाग असतो. दाढ अगदीच वाचण्यासारखी नसेल तर आठ ते दहा वर्षांच्या दरम्यान विचारपूर्वक काढली तर मागची बाराव्या वर्षीची दाढ पुढे सरकून जागा घेऊ शकते, पण तो निर्णय दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांना विचारून, ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्सरे, बघून.

आणि मोजल्यावर पाचवा निघाला तर आजींचं अर्धं बरोबर. दाढ दुधाची आहे, पण ती दहा-बारा वर्षांपर्यंत जागा राखते. शक्य असेल तर दुधाच्या दाढेचीही आरसीटी आणि वर स्टीलची टोपी, नाहीतर काढून जागा राखणारी तार, नुसती काढून सोडू नका.

प्रश्न: आमच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलंय की आरसीटी केलेला दात म्हणजे शरीरात मेलेला अवयव, त्याने कॅन्सर होतो, म्हणून काढलेलाच बरा. माझ्या तीन आरसीटी आहेत, झोप उडालीय. – एक काकू, ठाणे

उत्तर: काकू, झोपा. हे फॉरवर्ड शंभर वर्षं जुनं आहे, फक्त तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं. १९१० मध्ये विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी मॉन्ट्रियलला भाषण दिलं, की तोंडातल्या सडक्या दातांवर सोन्याच्या कॅप आणि ब्रिज चढवून लोकांना आजारी पाडलं जातंय. त्या काळची स्वच्छता बघता त्यात तथ्यही होतं. पण त्यातून लाट अशी उठली की सांधेदुखी असो की डोक्याचा आजार, काढा दात. अमेरिका-इंग्लंडात असंख्य लोकांचे दात त्यापायी गेले आणि सांधे दुखतच राहिले. पुढच्या अभ्यासांत तो सिद्धांत टिकला नाही. आरसीटीने कॅन्सर होतो याला पुरावा नाही. दात मेलेला म्हणाल तर नस नसते, पण मुळाभोवतीचा पडदा जिवंत असतो, म्हणून तर आरसीटी झालेल्या दाढेखाली खडा आला की कळतं. तुमच्या तिन्हींचा एकदा एक्सरे काढा, मुळाशी काही नसेल तर ग्रुपवर काय उत्तर द्यायचं ते तुम्ही ठरवा.

प्रश्न: मी लंडनला असतो. वरच्या दाढेची आरसीटी सहा वर्षांपूर्वी झाली, कॅप आहे, आता परत दुखतंय, इथल्या डेंटिस्टने इन्फेक्शन सांगितलं. डिसेंबरात दोन आठवडे पुण्याला येतोय, तेव्हा काढून इम्प्लांट करून घेऊ का?

उत्तर: दोन आठवड्यांत इम्प्लांट पूर्ण होत नाही. स्क्रू बसवल्यावर हाडात रुजायला बहुतेकांना तीन ते सहा महिने जातात, मग वरचा दात. दोन आठवड्यांत सगळं देतो म्हणणारे भेटतील, निवडक पेशंटमध्ये ते होतंही, पण इन्फेक्शन असलेल्या वरच्या मागच्या दाढेच्या जागी मी तो घाईचा सौदा करणार नाही, काही बिघडलं तर तुम्ही लंडनला आणि डॉक्टर पुण्यात.

आधी ती आरसीटी का बिघडली ते शोधायचं. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेत बऱ्याचदा चौथा कॅनाल असतो, केसाएवढा बारीक, आणि तो राहून जातो. तसं असेल तर कॅप काढून आरसीटी परत केली की दाढ वाचते, ते काम दोन आठवड्यांत बसतं: पहिल्या एक-दोन दिवसांत उघडून साफ करून आत औषध, आठवड्याने भरून बंद, परत जायच्या आधी निदान तात्पुरती कॅप. कॅपच्या कडेने लाळ झिरपली असेल तर तेच. मूळ चिरलेलं निघालं तरच काढा, आणि काढायची असेल तर पहिल्या दिवसांतच, कारण काढल्यानंतर दोन-चार दिवसांनी खड्डा कोरडा पडून ठणका लागू शकतो आणि तो विमानात नको. आत्ता दाढ दुखत असताना उडणंही त्रासाचं, हवेचा दाब बदलला की आतला ठणका वाढतो, तेव्हा निघायच्या आधी तिथेच दाढ उघडून औषध घालून घ्या. तिथला एक्सरे, जमलं तर सीबीसीटी, म्हणजे दाताचा थ्रीडी स्कॅन, आत्ताच मेलवर पुण्याच्या एंडोडोंटिस्टकडे, म्हणजे आरसीटीच्या तज्ज्ञाकडे, पाठवा आणि उतरल्याच्या दुसऱ्या दिवशीची वेळ घेऊन ठेवा, डिसेंबरात तुमच्यासारखे बरेच जण येतात.